बिरूचं खरं वय

२ डिसेंबर १९६३, माकणी

तेरावं उरकलं. पंगत उठली, पत्रावळी उकिरड्यावर गेल्या, पाहुण्यांनी गाड्या जुंपल्या. जाताना प्रत्येकजण एकेक कारण ठेवून गेला. मुरुमच्या आत्याबाई म्हणाल्या, बिरूच्या अंगात वारं शिरलं होतं. वसंतभाऊजी (धाकटे दीर) म्हणाले, सिनेमा. उमरग्याच्या तंबूत सिनेमे बघून पोरं बिघडली. शेजारचे तात्या म्हणाले, जातच तसली, मेंढरांमागं फिरून माणसाचं जनावर होतं.

मी आत परात घासत होते. तिथूनच म्हणाले, "तात्या, तुमच्या चुलत्यानं सख्ख्या भावाचं डोकं फोडलं, तेव्हा तो कुठली मेंढरं राखत होता?"

 आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खाकरून मला आत राहायची खूण केली. मी आतच होते.

खरं एवढंच आहे. ओढ्याकाठी बाभळीखाली बिरू धनगरानं ह्यांना कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं मारलं. एकच घाव. घड्याळ मनगटावर तसंच, खिशातलं खिशात. वैर नाही, भांडण नाही. पहिलीपासून ह्यांनीच शिकवलेलं पोर.

मला एक उत्तर पाहिजे. का? आणि ते त्यानं द्यायचं, माझ्यासमोर उभं राहून. आत्याबाईंचं वारं आणि भाऊजींचा सिनेमा मला चालणार नाही.

५ डिसेंबर

फौजदार आले. परत जबानी. परत तेच सांगितलं. त्या दिवशी दिवेलागणीला भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज झाला. मला वाटलं हे आले. बघते तर बिरू. "काकू, पाणी द्या." तांब्या दिला. वरून धार धरून सगळा प्याला. हात ओले होते त्याचे, वाटलं ओढ्यावर तोंड धुऊन आला असेल. "मास्तर कुठायत रं?" "वढ्याकडं हायत." तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेला. घरी जाऊन झोपला म्हणे. तिथंच धरला.

फौजदार म्हणाले, "खून करून सायकल घरपोच करणारा गुन्हेगार मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. एक तर वेडा, नाहीतर लई सराईत."

"सराईत? त्याला अजून मिसरूड फुटलं नाही."

"मग कारण काय, बाई?"

"तेच मी तुम्हाला विचारते की."

त्यांनी टोपी घातली. चहा तसाच राहिला.

८ डिसेंबर

शकू जेवता जेवता म्हणाली, "आई, बिरूदादा आता आपल्याला मारायला येईल?" नाही म्हणाले. "मग बाबांना का मारलं?" माहीत नाही म्हणाले. नऊ वर्षांची पोर. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिच्यापासून खाऊ लपवतेय. आजवर तिनं विचारलं आणि मी माहीत नाही म्हटलं असं झालं नव्हतं. भाताची मूद तशीच ठेवून उठली.

ती लहान असताना बिरू तिला खांद्यावर बसवून बोरं काढू द्यायचा. उंच पोर. हात तर गुडघ्यापर्यंत.

११ डिसेंबर

उमरग्याला जाणार म्हणाले. बिरूला तिथं कोठडीत ठेवलंय.

आप्पा झोपाळ्यावरून उठलेच. "वरीस होईस्तोवर उंबरा ओलांडायचा न्हाय. आपल्यात रीत न्हाय."

"आपल्यात मास्तरांना मारायची तरी रीत कुठं होती?"

भाऊजी मध्ये पडले. "वहिनी, लोक काय म्हणतील? मारेकऱ्याच्या भेटीला बाई गेली!"

लोक काय म्हणायचं ते म्हणून बसलेत. तेराव्यालाच म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिला भाडं पडत नाही. एसटीला पडतं, ते माझ्याकडं आहे.

१६ डिसेंबर

गेले. सडकेपर्यंत गाडीत, पुढं एसटी. पांढरं कपाळ बघून कंडक्टरनं पुढची जागा दिली. बसले.

फौजदारांनी लगेच भेटू दिलं. त्यांचा हिशेब सरळ आहे. मी त्याच्याकडून कारण काढलं तर खटला पक्का होईल. होऊ दे. मलाही कारणच पाहिजे.

गजाआड भिंतीला टेकून बसला होता, गुडघे हनुवटीला लावून. मला बघून उठला. कोणी शिकवलं नाही, पण उठून उभा राहिला. शाळेतली सवय.

किती तयारी करून गेले होते. वाटभर मनात वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच आलं, "का रं?"

"म्हाईत न्हाय, काकू."

"माहीत नाही म्हणजे? हात कुणाचा होता?"

"माजाच."

"मग?"

"म्हाईत न्हाय."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. शिपाई धावत आला. मी थांबल्यावर बिरू हळूच म्हणाला, "काकू, मेंढरं कोन वळतंय आता?"

म्हणजे ह्यांचं काय झालं, शकूचं काय, ते नाही. मेंढरं! गजातून हात घालून त्याचा कान उपटावासा वाटला. मी काही मेंढरांची खबर द्यायला गेले नव्हते.

परत आले. भाऊजींनी सायकलीला कुलूप लावलंय. मी काय सायकलवर बसून पळून जाणार होते? मला चालवता तरी येते का? हसू आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग फार वेळ रडले.

२२ डिसेंबर

दुपारी परसदारी गंगाबाई. बिरूची आई. डोक्यावरचा पदर दातात धरून उभी. आत ये म्हणाले नाही. बस म्हणाले नाही.

म्हणाली, "म्या माफी मागाया आले न्हाय, मास्तरीणबाई. तेवढं तोंड न्हाय मला. येक सांगा निस्तं. माज्या पोराचं वय सांगा."

वकिलानं तिला सांगितलंय, सोळाच्या आतला असेल तर फास टळतो, पोरांच्या सुधारशाळेत पाठवतात. पण शाळेत त्याचं वय सतरा लागलंय. आईचं कोण ऐकतं? आई तर लहानच म्हणणार.

"तुमी व्हता की तितं, आमराईत. तुमी पानी आनून दिलंतं. पोलिस ॲक्शनचं साल व्हतं का न्हवतं, तेवढं बोला. तुमचं लोक ऐकत्याल."

मी दार लावलं. तिच्या तोंडावर. कडी घातली आणि आतून दाराला टेकून उभी राहिले. ती बराच वेळ गेली नाही. दोघी दोन बाजूंनी उभ्या.

२३ डिसेंबर

होते मी तिथं. नाकारू कशी?

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी पंधराची. रझाकारांच्या भीतीनं गावातल्या बायकापोरांना तेरणेकाठच्या आमराईत नेऊन ठेवलं होतं. तोफांचे आवाज ऐकू येतात असं कुणी म्हणायचं, कुणी म्हणायचं ते ढग. भारताच्या पलटणी नळदुर्गावरून पुढं गेल्याची बातमी आली त्याच दिवशी गंगाबाईला कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी (तेव्हा होत्या) पातळाचा आडोसा केला. मी नदीवरून कळशी आणली. पोर बाहेर आलं ते हात पसरूनच. सासूबाई म्हणाल्या, "अगं बया, हातच केवढे! हा आंबे खालनंच काढणार." त्या भीतीतसुद्धा सगळ्या बायका हसल्या.

पोलिस ॲक्शन अठ्ठेचाळीसचं. म्हणजे पंधरा. सतरा कशानं होईल?

ह्यांच्यामुळं झाला. जून महिन्यात शाळेत पोरं भरती करायची. जन्माची नोंद कुणाच्याच घरी नाही. मग पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचा. बोटं कानाला लागली की सहा पुरी झाली, घ्या पहिलीत. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. अख्खी माकणी एक जूनला जन्मली. आपल्याकडं सगळे मास्तर असंच करतात.

बिरूचा हात कान ओलांडून गालावर आला. हे खो खो हसले. "हा नऊ वर्षांचा घोडा आहे!" आणि नऊ लिहिलं. मी ओसरीवर डाळ निवडत होते. म्हणाले, "अहो, हा पोलिस ॲक्शनचा, सातही पुरी नाहीत." तर म्हणतात, "असू दे. मोठा लिहिला तर सातवीची फायनल झाल्यावर लवकर नोकरीला लागेल. धनगराचं पहिलं पोर मास्तर होईल या गावात."

त्याच्या भल्यासाठीच.

२८ डिसेंबर

आज आप्पांना सांगितलं, कोर्टात विचारलं तर खरं वय सांगणार.

आप्पा आधी समजलेच नाहीत. समजल्यावर पांढरे झाले. "माझ्या मेलेल्या पोराला भर कोर्टात खोटं पाडणार तू?"

"खोटं नाही. चुकलं होतं त्यांचं."

"आनि तो हरामखोर वाचला तर?"

मी आत आले. मला काय तो वाचायला हवाय? रोज सकाळी उठले की पहिल्यांदा वाटतं तो मरावा. मग चूल पेटवते.

संध्याकाळी शाळेचे हेडमास्तर आले. गोड बोलले. बालवाडीच्या जागेला मी अर्ज केला होता, त्यावर माझं नाव सुचवलंय म्हणे. "शाळेचा दाखला कोर्टात आहेच, वहिनी. तुम्ही फक्त सायकलीचं सांगायचं. वयाच्या भानगडीत पडू नका. उगाच शाळेचं नाव, मास्तरांचं नाव..."

म्हटलं, "जागा दाखल्यासाठी देताय का माझ्या सातवी पास होण्यासाठी?"

आप्पांनी त्यांना पान दिलं आणि फाटकापर्यंत पोचवून आले.

६ जानेवारी १९६४

परत उमरगा. यावेळी कुणाला विचारलं नाही. सांगून गेले फक्त.

आज बोलला. तुकड्यातुकड्यानं. जसं आठवतंय तसं लिहिते, एक शब्द माझा नाही घालणार.

त्या दिवशी लांडग्यानं कोकरू नेलं. बिरू बाभळीची डहाळी तोडत होता, लक्ष नव्हतं. बापानं सगळ्या गड्यांसमोर चाबकानं फोडला. "यवडा मोटा टोनगा झालास, लगीन ठरलंय, येक कोकरू राकता येईना?" गडी हसले. मग सगळे पुढं गेले. हा बाभळीमागं बसून रडत होता.

तेवढ्यात हे आले. सायकलवरून, घंटी वाजवत. रोज संध्याकाळी जायचे, सातवीच्या फायनलला बस म्हणून मागं लागले होते. गडी रोज चिडवायचे, "आला बग तुजा सासरा." ह्यांनी त्याला रडताना बघितलं. हसले. म्हणाले, "अरे, एवढा मोठा झालास आणि रडतोस?" आणि सायकल झाडाला लावायला पाठमोरे झाले.

मी म्हणाले, "एवढ्यासाठी मारलंस?"

तर मान हलवली. "त्याच्यासाटी न्हाय काकू. त्ये तर रोजच म्हनायचे."

"मग?"

"हात आदी गेला. म्या मागनं गेलो."

"आणि सायकल? ती कशाला आणलीस?"

"मास्तर म्हनायचे, सायकल दवात ठिवायची न्हाय. गंज धरती."

मी तिथून उठले. बाहेर येऊन चिंचेखाली बसले. फौजदार पाठोपाठ आले, "निघालं का काही?" म्हटलं, काही नाही. मग वाटलं खोटं का बोलायचं. जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "असं कोर्टात सांगितलं तर लोक हसतील, बाई. याला शेंडा न बुडखा."

लोकांना शेंडा पाहिजे, बुडखा पाहिजे. मलाही पाहिजे होता.

७ जानेवारी

रात्री डोळा लागला नाही. एक गोष्ट मनातून जाईना.

सगळ्यांनी त्याला मोठा धरलं. शाळेत मोठा म्हणून शेवटच्या ओळीत. बापानं मोठा म्हणून मेंढरांचं सगळं खांड त्याच्या हवाली केलं. बिचाऱ्याचं लग्नही ठरवलं. मी स्वतः त्याला म्हणत होते, "अरे, मोठा झालास ना, दोन कळशा उचल." दोन वर्षं कमी असलेलं पोर आणि दोन वर्षं जास्तीचं ओझं. आत कोण आहे ते कुणी बघितलंच नाही, हात कानाच्या पुढं गेला की झालं.

पण हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी समजून घेतलं आणि संपलं. नाही संपलं. लहानपणी माझ्यावरही मोठेपणाचं ओझं टाकलं होतं. पंधराव्या वर्षी मी या घरात चूल, गोठा, सासऱ्यांचं पथ्यपाणी सगळं बघत होते. मी कुणाचं डोकं फोडलं नाही. ओझं खरं आहे, घावही खरा आहे. एकातून दुसरा कसा निघाला ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आणि मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही. गावात कुणी तसं म्हणत असेल तर त्यानं ही वही वाचावी.

१४ जानेवारी

संक्रांत. अर्थात मला बोलावणं नाही. मीच गेले, हळदीकुंकवाला नाही, विचारायला. आमराईत त्या दिवशी होत्या त्यांतल्या तिघी अजून गावात आहेत. तिघींच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आमाला काय आठवतंय बाई, म्हातारपन."

"त्ये साल कंचं न काय, कोन ध्यानात ठिवतंय."

तिसरी तर चक्क म्हणाली, "मी आमराईत नव्हतेच." माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, रझाकार येतील म्हणून.

आठवतं सगळ्यांना. आप्पांची भीती आहे. शिवाय मास्तरांचा खून झालाय, गावाला फास हवाय. मला बघून सगळ्यांची आठवण एकाएकी ताकासारखी पातळ झाली. बरं. मग मी एकटी.

२ फेब्रुवारी

अहो, तुमच्याशीच बोलते आज.

लोक आता हळूच म्हणायला लागलेत की मास्तरांनी कशाला रोज जायचं त्या पोराच्या मागं. ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. एखाद्याचं भलं करायला गेलेल्या माणसाचाच दोष काढायचा! मी नाही काढणार. तुम्ही गेलात ते बरोबरच होतं. मी आजही तुम्हाला अडवणार नाही.

पण वय चुकलं तुमचं. ते चुकलं. तेव्हा तुम्ही हसलात, मी डाळ निवडत राहिले. तुमची चूक आता मलाच जाहीर करायची आहे, चारचौघांत, तुमच्या वडलांच्या डोळ्यांदेखत. रागवा. या आणि रागवा.

१७ मार्च, उस्मानाबाद

मोठ्या कोर्टात साक्ष झाली. मुक्काम तुळजापूरच्या माझ्या भावाकडं, तो सोबत आला होता. आप्पा आणि भाऊजी वेगळ्या गाडीनं आले, समोरच्या बाकावर बसले.

सरकारी वकिलांनी सायकलीचं विचारलं. सांगितलं. त्यांना वाटलं झालं. मग बिरूचा वकील उठला, तरुण आहे, घाम पुसत विचारलं, "आरोपीचा जन्म कधीचा, तुम्हाला माहीत आहे?"

"पोलिस ॲक्शनचा. मी तिथं हजर होते."

सरकारी वकील ताडकन उभे. "शाळेच्या दाखल्यावर तुमच्याच पतीचं अक्षर आहे. ते खोटं लिहीत होते असं म्हणायचंय?"

"खोटं नाही. चुकलं."

"मास्तर चुकले, तुम्ही नाही चुकलात?"

"मास्तरांनी कान बघितला. मी बाळंतपण बघितलं."

न्यायाधीशांना काही कळेना. मुंबईकडचे असावेत. विचारलं, कान म्हणजे काय? मग मी पिंजऱ्यातच हात डोक्यावरून घेऊन दाखवला. पदर घसरला, मी सावरला नाही, आधी नीट दाखवून घेतलं. मागच्या बाकावर एका वकिलाचाही हात आपोआप डोक्यावर गेला होता. तोही एक जूनचाच असणार.

"तुम्हाला आरोपीची दया येते?"

"नाही."

"मग त्याच्या बाजूनं का बोलता?"

"मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही. पंधराचा आहे म्हणून पंधरा म्हणते. वीसचा असता तर वीस म्हणाले असते आणि घरी गेले असते."

आप्पा उठून बाहेर गेले. काठीचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता.

दुपारनंतर न्यायाधीशांनी बिरूला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो उभा, मान खाली, ते लांब हात पुढं बांधलेले. म्हणाला, "न्हाय."

माझं भान सुटलं. बाकावरून उठून ओरडले, "त्याला न्हाय म्हणू देऊ नका! विचारा परत!"

शिपायानं खाली बसवलं. पुन्हा बोललात तर बाहेर काढू म्हणाले. बिरूनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. ओठ हलले त्याचे. मग लेखनिकानं पान उलटलं आणि पुढचं सुरू झालं.

१९ मार्च, माकणी

वयाचा निकाल डॉक्टर देणार. हाडांचे फोटो काढायला बिरूला सोलापूरला नेलंय. डॉक्टर म्हणे सोळा-सतराच्या आगेमागे असंच सांगतात, नक्की सांगता येत नाही. म्हणजे फिरून माझ्या शब्दावर. तारीख पुढच्या महिन्यात.

बालवाडीच्या जागेवर हेडमास्तरांच्या भाचीला घेतलं. अपेक्षाच होती. मी अर्ज परत मागितला, तर सापडत नाही म्हणाले.

२५ मार्च

गंगाबाई आली. एकदम पायाशी वाकली. मी मागं सरकले.

"पाया पडू नका. मी तुमच्यासाठी केलं नाही."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तरी पडते."

"तुमचा नवरा कुठाय? चाबूक घेऊन फिरणारा?"

रडायला लागली. मेंढरं विकली म्हणे. माणूस दिवसभर ओढ्याकाठी बसून असतो, जेवत नाही. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आज तिला बस म्हणाले. बसली.  शकूनं तिला पाणी आणून दिलं, मी सांगितलं नव्हतं.

४ एप्रिल

आप्पांनी आज बोलावलं. भाऊजी शेजारी उभे. आप्पांचा आवाज एकदम म्हातारा झालाय, ते मला सहन होत नाही. त्यांचा मुलगा गेलाय, माझ्याइतकाच त्यांचाही जीव जळतो.

म्हणाले, "सूनबाई, हात जोडतो. वकिलाकडं चला. म्हणा, मला नीट आठवत नव्हतं, घाबरून बोलले. एवढं करा. या घरात तुमाला आनि शकूला काही कमी पडू देनार न्हाय."

"आणि नाही केलं तर?"

भाऊजी म्हणाले, "तर तुळजापूरला भावाकडं राहा. शकू इथं राहील. आमचं रक्त आहे."

शकूचं नाव काढलं आणि माझी भीती गेली. तोवर होती, खोटं कशाला लिहू. म्हणाले, "भाऊजी, शकूला हात लावून बघा. मी कोर्टात नवऱ्याला चुकीचं म्हटलंय, दिराला म्हणायला किती वेळ लागतो?"

आप्पांनी डोळे मिटले. "त्या पोराला वाचवून तुला काय मिळणार, ते तरी सांग."

मी आत येऊन ट्रंक काढली.

५ एप्रिल

कपडे भरले. शकूची पाटी, पुस्तकं, ह्यांचा स्वेटर. सकाळच्या गाडीनं तुळजापूर. निकाल तिथंच ऐकेन. तो कसाही लागला तरी मला आनंद नाही. लहान ठरला तर गाव मला फाडून खाईल. मोठा ठरला तर मी काय करेन, मला माहीत नाही.

आप्पांना उत्तर देऊन जायला पाहिजे होतं. त्यांना जाग आहे, खोकतायत. जाऊन सांगणार नाही, इथं लिहिते.

मी त्याला वाचवत नाही, आप्पा. मला दोन माणसांना विचारायचं होतं. एक ओढ्याकाठी कायमचं गप्प झालं. दुसऱ्याच्या गळ्यात दोर घातला तर तोही गप्प होईल, आणि तुम्ही सगळे वारं, सिनेमा, जात असलं काहीतरी त्या जागी लिहून मोकळे व्हाल. मी होऊ देणार नाही. आज त्याला सांगता येत नाही, तो पंधरा वर्षांचा आहे. विसाव्या वर्षी येईल, चाळिसाव्या वर्षी येईल. त्यानं जगायचं, म्हातारं व्हायचं, आणि जिथं ठेवतील तिथं मी जाणार. गजाआडून तो उठून उभा राहील. मी विचारणार, का रं?